राखणदाराचं कार्ड

९ जून, सोम.

टोन बदलायचा ठरला. इतके दिवस ज्या गेमला आम्ही 'वेस' म्हणत होतो, त्याचं नाव आता 'भुतोबा पार्टी'. मोबाइलवर खेळायचा पत्त्यांचा गेम. कार्डावर कोकणातली भुतं, प्रत्येकाखाली दोन ओळी, आणि कार्ड दाबून धरलं की त्याची कथा. ओळी आणि कथा माझ्या. म्हणजे होत्या.

मिहीर, आमचा हेड. दादरचा, अगदी साजूक तुपातलं बोलतो. म्हणाला, "स्वाती, लोक हा बसस्टॉपवर उभ्याउभ्या खेळणार आहेत. श्रद्धांजली वाहायला येणार नाहीत." सगळे हसले. मीही हसले. हीच तर बोंब आहे माझी.

११ जून

मुंजाच्या कार्डावर माझी ओळ होती: "मुंज झाली, सोडमुंज राहिली. खाली कोण खेळतंय?"

मिहीरची नवी: "सिंगल आहे. पिंपळावर आहे. लोकेशन पाठवू?"

विनोदाशी माझं वाकडं नाही, हे किती वेळा सांगू. लालबागच्या चाळीत वाढलेय. आमच्याकडे मयताला गेलेली माणसंसुद्धा येताना दोन किस्से घेऊन येतात. हडळीची ओळ मीच लिहिली, "माझे पाय उलटे आहेत, डोकं नाही. तुझं बघ." ती सगळ्यांना आवडली. पण बाबांच्या गावात भुतांची टर उडवतात आणि राखणदाराचं नाव निघालं की पायातली चप्पल काढतात. एकाला मानतात म्हणून बाकीच्यांना हसता येतं. सगळंच हसण्यावारी नेलं तर हसू यायचं कशाचं?

हे सगळं मीटिंगमध्ये बोलले. मिहीर "डीप" म्हणाला आणि फोन बघायला लागला.

१४ जून, शनि.

राखणदाराचं कार्ड वाचवलं. गावाच्या वेशीवर रात्रभर उभा असतो तो. त्याची ओळ: "दिवा लावा, न लावा. मी जागा आहे." एवढं एक कार्ड गंभीर ठेवायला मिहीर तयार झाला. "पण मग आवाजही तसाच हवा. ऑथेंटिक."

मी बोलून गेले, माझे बाबा गाऱ्हाणं घालतात.

घरी आम्ही दोघंच गुरव, बाबा नि मी. बाबा हॉस्पिटलात लिफ्टमन होते, आता रिटायर. चाळीत त्यांना मान आहे तो गाऱ्हाण्याचा. गणपतीत आमच्या मजल्यावरची घरं त्यांच्यासाठी थांबून राहतात. हातात नारळ घेऊन ते देवाला त्या घरातलं सगळं सांगतात, कोणाचं दुखणं, कोणाचं अडलेलं लग्न, कोणाचं भांडण. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांचा होकार पडला की नारळ फोडायचा.

गेमचं सांगितलं तर म्हणाले, "गो बाय, खेळात?"

खेळात, पण मानाने.

"हसतीत?"

नाही हसणार.

"शब्द दी."

दिला.

२३ जून, सोम.

रेकॉर्डिंग. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून परळच्या टॉवरात आले. लिफ्टमध्ये सवयीने बटणांपाशी उभे राहिले आणि प्रत्येकाला मजला विचारला. पोरापोरींनी मुकाट सांगितला.

साउंडच्या खोलीबाहेर चप्पल काढली. गाव कुठच्या अंगाला ते विचारलं. नकाशा काढून दाखवलं, तर तिकडे तोंड करून उभे, नारळ घरून आणलेला. माइक पाठीमागे राहिला. शेवटी माइक फिरवावा लागला.

"बा देवा म्हाराजा, वेशीवरच्या राखणदारा, आज ह्या पोरांनी तुझी आठवण काढलेली आसा..." त्यांनी माझ्या ऑफिससाठी मागितलं. कामाला यश दे, कोणाच्या पोटावर पाय पडूक देऊ नको. मधे खोकल्याची उबळ आली. थांबले, पाणी प्यायले, पुढे. होकार द्यायचा असतो हे मी आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" मिहीर म्हणाला.

साउंडवाला: "अंकल, खांसी आ गयी. एक और टेक?"

बाबा: "गाऱ्हाणा एकदाच घालतत. देव बहिरो नाय."

नारळ पँट्रीत फोडला. सगळ्यांना खोबरं वाटलं, वॉचमनलासुद्धा. खुशीत होते घरी जाताना.

३ जुलै

प्रज्ञाशी वाजलं. कार्डांवरची चित्रं ती काढते, नायगावच्या चाळीतली, आमची डब्याची मैत्री. मिहीरला राखणदाराच्या डोळ्यांवर गॉगल हवाय म्हणून मी तिच्यापाशी चरफडत होते. ती शांतपणे भाकरी मोडत म्हणाली, "तुझा राखणदार वेस राखतो ना? माझ्या आजीचं घर वेशीच्या बाहेर होतं. तो कोणापासून राखत होता, विचार ना कधी बाबांना. गॉगल घातला तर माझं काही जात नाही."

राग आला. डबा अर्धा ठेवून उठले.

संध्याकाळी तिने चित्र पाठवलं. काठी, घोंगडं, कंदील. गॉगल नाही.

बाबांना विचारलं नाही. विचारेन.

१७ जुलै

गेम काही लोकांना खेळायला दिला होता. राखणदार आला की आवाज बंद करतात म्हणे. लांबलचक वाटतं. "हेवी."

मिहीर: "जरा प्लेफुल करू. बाबांच्या भावनेला धक्का लावणार नाही, प्रॉमिस."

माझी कथाही काढली. वेशीवर दिवा ठेवायला गेलेल्या बाईची होती. जागा रिकामी दिसते म्हणून तिथे आता 'लवकरच'. काय लवकरच? कप्पाळ.

१ ऑगस्ट

ऐकलं.

बाबांचा आवाज पळवलाय, उंदराएवढा झालाय. "बा देवा म्हाराजा" चिरकत येतं. मग खोकला. तो कापून, जोडून, ठेक्यात बसवलाय. खॉक-खॉक, खॉक-खॉक, त्यावर राखणदार काठी घेऊन नाचतो. डोळ्यांवर गॉगल. मग आख्ख्या ऑफिसचं "व्हय म्हाराजा". खाली ओळ: "नेटवर्क नाही? मग मीपण ड्यूटीवर नाही."

खोली हसून हसून आडवी. खोटं कशाला बोलू, हसण्यासारखंच झालंय. दुसऱ्या कोणाचा बाप असता तर मीही हसले असते.

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. ती हसली नाही. गॉगल तिने नाही रंगवला, मिहीरने दुसऱ्याकडून रंगवून घेतला, हे नंतर कळलं.

मिहीरला बाजूला घेतलं. तो आवाज काढ, म्हटलं.

"अगं, त्यांचा आहे हे कळणार कोणाला? ओळखूसुद्धा येत नाही."

म्हटलं, मी शब्द दिलाय.

"लाँच होऊ दे. पुढच्या अपडेटला बघू."

प्लीज, म्हटलं मी. लालबागची मी. शिव्यांनी भरलेलं तोंड माझं. आणि वेळेला काय निघालं तर प्लीज.

१४ ऑगस्ट

गेम बाहेर पडला. ऑफिसमध्ये केक. केकवर राखणदार, गॉगलसकट. मिहीरने त्याचं डोकं मला कापून दिलं. खाल्लं.

घरी बाबा: "आमचो राखणदार भायर पडलो?"

पडला.

"ऐकव मगे."

म्हटलं फोन चार्ज नाही. फोन हातात वाजत होता.

१९ ऑगस्ट, मंगळ.

बाजूच्या सावंतांचा प्रथमेश जिन्यात भेटला. बँकेत लागलाय, चांगला मुलगा, बाबांना आबा म्हणतो. "ताई, गेम कडक आहे तुमचा. आणि तो खोकणारा म्हातारा तर एक नंबर." कार्ड दाबून दाखवलं. परत दाबलं. चिरक्या आवाजात नक्कलही केली, खोकल्यासकट. हुबेहूब.

जन्मापासून दर गणपतीला बाबांचं गाऱ्हाणं ऐकतोय हा. ओळखलं नाही. मिहीर म्हणाला तसंच झालं.

तोंडापर्यंत आलं होतं, अरे गाढवा, ते आबा आहेत तुझे. तिथल्या तिथे विषय मिटला असता. थँक्यू म्हटलं आणि वर आले. बाबांनी विचारलं, कोण होता जिन्यात? म्हटलं, कोणी नाही.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

लिहवत नाही. तरी लिहिते.

आमचा गणपती गावी, काकांकडे. इथे बाबा दुसऱ्यांच्या घरी जातात. पहिलं घर सावंतांचं, दर वर्षीचं. आरती झाली. सावंतकाकांनी नारळ बाबांच्या हातात दिला. सगळे हात जोडून उभे, दारापर्यंत गर्दी, खालच्या मजल्यावरची पोरंही आलेली.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरू केलं. सावंतकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ते मागायचं होतं. "ह्या तुझ्या लेकरांनी तुझी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घी रे म्हाराजा..."

होकार द्यायचा तर प्रथमेश. चिरक्या आवाजात. "व्हय म्हाराजा," आणि वर खॉक-खॉक, खॉक-खॉक.

मनात काही नव्हतं त्याच्या. सवय झालीय, तोंडातून निघून गेलं. पण मागच्या पोरांनी तो ठेका उचलला. मग काय. बायका हसल्या, सावंतकाकासुद्धा तोंडावर पंचा धरून हसले.

बाबा थांबले. माणसं गप्प होईपर्यंत थांबले. मला वाटलं पुढे घेतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कोणाकडे नाही, माझ्याकडे.

मग नारळ घेऊन घरी आले आणि फळीवर ठेवला. बाकीच्या घरांना सांगून पाठवलं, घसा बसलाय.

२८ ऑगस्ट

सकाळी चहा करताना पाठमोरे बोलले.

"आवाज कोणाचो तो माका कळाक नाय."

मी साखरेचा डबा पुढे केला.

"खोकलो माझो होतो."

एवढंच. दोन्ही कप भरले, माझा माझ्यापुढे ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं मला.

३० ऑगस्ट, शनि.

प्रथमेश आला होता. त्याला कोणीतरी सांगितलं, की त्याचं त्यालाच उमजलं, कोण जाणे. बाबांच्या पाया पडला. बाबा म्हणाले, "तुझी काय चूक? तू खेळलंस." मग मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तू खंय माका शब्द दिलेलंस?"

मिहीरला मेसेज केला. या वेळी प्लीज नाही घातलं. जे घातलं ते इथे लिहीत नाही. त्याचं उत्तर दुपारी आलं. वाईट वाटलं, आवाज काढतोय, पण लोकांना तेच कार्ड सगळ्यात जास्त आवडतंय, तर दुसऱ्या कोणाकडून तसाच करून घेऊ, चालेल ना?

प्रज्ञाचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "विचारलंस का बाबांना? वेशीचं?" म्हटलं, आता कुठच्या तोंडाने विचारू. म्हणाली, "त्याच."

१ सप्टेंबर

विचारलं. जेवताना. वेशीबाहेरच्या लोकांनी राखणदाराला नारळ ठेवला तर चालायचा का?

बाबांनी बराच वेळ भात कालवला. "ठेयत. लांबसून." मग, "गाऱ्हाण्यात त्यांची नावा घेयत नसत. माझ्या आजान कधी घेवक नाय. मीय घेवक नाय." ताट घेऊन उठले.

२ सप्टेंबर, मंगळ.

आज गौरी-गणपती जाणार. सावंतकाका सकाळीच दारात. आत आले नाहीत. "गुरवांनू, माफी करा पोरांका. पण अर्धा गाऱ्हाणा ठेवन देव कसो धाडूचो? हिचा ऑपरेशन आसा."

बाबा उठले. मला हायसं वाटलं. फळीवरून नारळ काढला, शेंडी नीट केली, आणि तो काकांच्या नाही, माझ्या हातात दिला.

"शब्द तू दिलंस. आता गाऱ्हाणा तूच घाल."

आमच्यात बाईने घातलेलं मी कधी पाहिलं नाही. काकाही तेच म्हणाले. बाबा म्हणाले, "नसात. म्हणान काय?" आणि पेपर उघडून बसले.

पाचला मूर्ती हलवायची आहे. नारळ टेबलावर, लॅपटॉपच्या बाजूला. गाऱ्हाणं मला पाठ आहे, कार्डासाठी मीच टाइप केलं होतं. कोणाची नावं घ्यायची तेही सकाळपासून मनात घोळतंय, प्रज्ञाच्या आजीचं नाव मात्र मला माहीत नाही. तिला फोन लावला, उचलला नाही.

सावंतांकडे माणसं जमायला लागलीत. मी "बा देवा म्हाराजा" म्हटलं आणि होकार आलाच नाही तर?