सपाट फूल

ताई,

दोन वर्षं झाली, तू माझ्याशी बोलत नाहीस. "पन्नाशीत कसलं लग्न, आणि तेही कुलूपवाल्याशी," म्हणालीस आणि लग्नाला आलीच नाहीस.

परवा तुझ्या वाढदिवसाचं कार्ड करायला घेतलं. साच्याच्या मशीनमधून कागदी फुलं कापली, एकेक पाकळी चमच्याच्या पाठीने वळवून उमलवली आणि भाजी आणायला गेले. परत येते तर हे इस्त्री घेऊन बसलेले.

"सगळी फुलं वाकडी झाली होती, सरळ केली," म्हणाले, अगदी शाबासकीच्या अपेक्षेने.

अठराच्या अठरा फुलं, पोस्टाच्या तिकिटासारखी सपाट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "चमचा कुठला घेऊ?" मग संध्याकाळपर्यंत आम्ही समोरासमोर बसून पाकळ्या वळवत होतो. कुलपातल्या बारीक स्प्रिंगा बसवणारा हात तो, माझ्यापेक्षा सुबक वळवतो. हे त्यांना सांगितलेलं नाही, डोक्यावर बसतील.

एक फूल मात्र मी मुद्दाम सपाटच चिकटवलंय, बरोबर मधोमध. तुझी नजर मला ठाऊक आहे. लहानपणी माझी वेणी जरा वाकडी झाली तरी तू ती सोडून पुन्हा घालायचीस. "हे कोणी बिघडवलं?" असं विचारल्याशिवाय तुला चैन पडणार नाही.

म्हणून हे पत्र पाकिटात घालत नाही. सगळं आधीच कळलं तर फोन कशाला करशील?

फोनजवळच बसलेली,
तुझी धाकटी