डायपोल आणि स्टीलची टेप

मंगळवार, संध्याकाळ. अंधेरी.

ज्याने लोकांनी आणलेल्या मशीनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी तपासायच्या, तो आमच्या लॅबचा जुना, दोन दांड्यांचा डायपोल अँटेना आजही चुकीचंच रीडिंग देत होता. सावंत सर म्हणाले, "भंगारात टाका." मला पटेना. त्याच्या दांड्या मीच टेपने मोजून लावल्या होत्या. मग चुकतंय कुठे?

सर गेल्यावर आवरताना माझ्यासोबत काम करणारी शिल्पा म्हणाली, "अगं, टेप कुठेय?" टेप अँटेनाच्या खांबाला लटकत होती, हातभर उघडी. स्टीलची! चाचणीच्या खोलीत मोबाईलसुद्धा बाहेर ठेवून येणाऱ्या आम्ही, आणि लहरी आपटून परतायला ही टेप आत! काढली, पुन्हा मोजलं. रीडिंग झकास!

उद्या सरांना दाखवायचं. टेपचंही सांगायचं, शिव्या पडल्या तरी.

आत्ता आईच्या शिलाईच्या डब्यातली कापडी टेप पर्समध्ये टाकली. आई म्हणाली, "लॅबमध्ये ब्लाउज शिवतेस की काय?"

"नाही गं, एकाला भंगारातून वाचवतेय."