तृप्तीचा तायक्वांदो

प्रिय तृप्ती,

तुझा तायक्वांदोचा क्लास बघायला मागच्या रविवारी बदनापूरला आल्ते, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर न्हाई. शाळेच्या मैदानावर पोरासोरांच्या रांगेत तू पांढरा ड्रेस घालून उभी होतीस. सरांनी इशारा केला की एवढ्या जोरात ओरडायचीस, की मला वाटलं ही माझी बहीण न्हाईच. लहानपणी कुत्रं दिसलं तरी तू माझ्या मागं लपायचीस.

मंग घरी जाताना त्या मोटारसायकलवाल्यानं गाडी आडवी घातली आणि घाणेरडं बोलला. मी सवयीनं पुढं झाले, पण दोन पावलांवरच थांबले. तू मला मागं घेतलंस आणि शांतपणे म्हणालीस, "गाडी बाजूला घे." त्यानं घेतली.

"ताई, मारायचं कामच पडत न्हाई," तू नंतर म्हणालीस. "आधी न डगमगता उभं राहायलाच शिकवतात."

परतूरला येऊन मी आईला सांगितलं, की या वयात तृप्तीला हे शोभत न्हाई. खरं म्हणजे मी जळून राह्यले. पुढं उभं राहायची जागा माझी होती. हे तुझ्या तोंडावर बोलवत न्हाई, आणि हे पत्रही पेटीत टाकणार न्हाई.

काल मी इथल्या शाळेतल्या क्लासला गेले. पहिलीच लाथ मारताना आपटले. उठवता उठवता सरांनी विचारलं, "तुम्हाला हे कुणी सुचवलं?"

"कुणीच न्हाई," मी म्हणाले. तुझं नाव काही तोंडातून निघालं न्हाई.

तुझीच,
मीनाताई