दोन पेपर, एकच परिच्छेद

सोमवार, ६ फेब्रुवारी

सराव परीक्षेचे इंग्रजीचे पेपर आज संपवायचे होते. संपले नाहीत.

सहावा प्रश्न: दोन उतारे, दोन्हींच्या भाषेची तुलना करा. पहिला उतारा दीपगृहाच्या राखणदाराचा, दुसरा त्याच वादळातून गेलेल्या प्रवाशाचा. एकेचाळीस पेपरांत तेच ते. 'लेखकाने उपमा वापरली, त्यामुळे परिणाम वाढतो.' कसला परिणाम, कोणावर, किती? वर्षभर घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग एका पेपरात हे. मराठीत सांगायचं तर — 'राखणदार समुद्राला भितो, म्हणून त्याची वाक्यं तुटतात. प्रवासी एकटेपणाला भितो, म्हणून त्याची वाक्यं संपतच नाहीत.'

मी पेन खाली ठेवलं. सोळा वर्षांत कुणी असं लिहिलं नव्हतं. दहापैकी दहा दिले.

अकरा पेपरांनंतर पुन्हा तेच. तोच परिच्छेद, स्वल्पविरामासकट.

पेपरावर नावं नसतात, क्रमांक असतात. यादी काढून पाहिलं. एक शिंप्याची मुलगी. दुसरी माझी भाची.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांना सांगितलं. लपवायचा विचार आला नाही असं इथे तरी खोटं लिहिणार नाही. आला होता. शाळेचं फाटक ओलांडेपर्यंत होता.

त्यांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवून पाहिले. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, त्यामुळे कोणी कोणाचं पाहिलं ते सांगता येत नाही. जिने पाहून लिहिलं तिचं नाव बोर्डाच्या परीक्षेच्या यादीतून जाणार. म्हणजे वर्ष गेलं.

"शुक्रवारी लेखी मत द्या," म्हणाले.

"सर, त्यातली एक माझी भाची आहे. माझ्याकडेच राहते."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्ही जास्तच कडक राहाल. आणि भाषेवरून माणूस ओळखायला शाळेत दुसरं आहे कोण?"

सुखावले मी. आत्ता लिहिताना लाज वाटते.

घरी आल्यावर भाचीला विचारलं, "सहावा प्रश्न तूच लिहिलास ना?" तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, नीट कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

भाची जेवली नाही. पोट दुखतंय म्हणे.

दादाचा फोन. बदलीच्या गावी पोर एकटी पडेल म्हणून त्याने दीड वर्षापूर्वी तिला माझ्याकडे ठेवलं. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

"तू तिची आत्या आहेस की परीक्षक?"

"दोन्ही."

"मग आधी कोण, ते ठरव."

फोन ठेवला त्याने. वहिनी गेल्यापासून तो असाच तोडून बोलतो. मीही काही कमी नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

दोघींच्या वर्षभराच्या इंग्रजी निबंधाच्या वह्या मागवल्या. रिकाम्या तासाला ग्रंथालयात बसले, दार लावून. मुलांना जे शिकवते तेच करायचं ठरवलं: शब्द कसे निवडलेत, वाक्य किती लांब, कुठे वळतं, कुठे थांबतं.

शिंप्याच्या मुलीची वही: स्वच्छ अक्षर, छोटी सरळ वाक्यं. 'बाग सुंदर होती. आम्हाला आनंद झाला.' चुका थोड्या, चमक शून्य. मीच प्रत्येक पानाखाली लिहिलंय — 'ठीक'.

भाचीची वही उघडली आणि श्वास मोकळा झाला. तीच चाल! आधी एक साधं विधान, मग 'म्हणून' घालून त्याला दिलेलं वळण. 'आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून घरात सगळे खरं बोलतात.' हे तिने सप्टेंबरमध्ये लिहिलेलं. एकूण एकोणीस ठिकाणी ही लकब सापडली. एकोणीस!

पुरावा आहे. माया नाही, पुरावा आहे. दोनदा तपासलं.

घरी येताना भाचीसाठी पेरू घेतले. तिने हातात घेतला आणि तसाच ठेवला. "आत्या, उद्या काय लिहिणार तू?"

"खरं ते."

ती उठून आत गेली.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मुख्याध्यापकांच्या खोलीत शिंपी, त्याची मुलगी, मी. शिंपी दुकानातून तसाच आलेला, मोजपट्टी गळ्यात. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"माझी पोरगी चोरी करत नाही," म्हणाला. "पण ती बोलतही नाही, त्याला मी काय करू?"

मुलीने एकच प्रश्न विचारला. "बाई, कशावरून?"

मी भाचीची वही पुढे केली, खुणा केलेल्या पानांसकट. समजावून सांगितलं. अगदी वर्गात सांगते तसं. तिने पानं उलटली. घाई नाही, राग नाही. एका पानावर बराच वेळ थांबली.

"चांगलं लिहिलंय," म्हणाली.

"मग कबूल?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

तिने बापाकडे पाहिलं, मग कागदावर सही केली. शिंप्याने विचारलं, "पोरी, खरंच?" ती म्हणाली, "चला बाबा, गिऱ्हाईक थांबलं असेल."

माझं मत पाच ओळींचं. खाली माझी सही, तारीख.

शनिवार, ११ फेब्रुवारी

दादाचा फोन. आवाज मऊ. "तुझ्या जिवावर पोर ठेवली ते चुकलं नाही." भाचीला फोन द्यायला गेले, तर म्हणाली, झोपलीय म्हणून सांग. टक्क जागी होती.

सोमवार, १३ फेब्रुवारी

वर्गात शिंप्याच्या मुलीची जागा रिकामी. भाची तिच्या शेजारी बसायची. आज मागे जाऊन एकटी बसली. मी तुलनेचा धडा घ्यायला उभी राहिले आणि गणिताच्या बाईंना तास देऊन टाकला.

शिक्षकखोलीत कुणीतरी म्हणालं, गरिबाघरची मुलं, करतात असं. मला ते लागलं. पण मी तरी वेगळं काय म्हटलं होतं? फक्त पाच ओळींत, शुद्ध भाषेत.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून भाची तिथेच उभी राहिली. म्हणाली, "वहीतले निबंधही तिचेच आहेत. जूनपासून सगळे. मी तिला गणितं सोडवून द्यायचे, ती मला निबंध. परीक्षेत मी तिचं पाहिलं."

"मग तिची स्वतःची वही अशी सपक का?"

"मुद्दाम. दोघींचं सारखं दिसायला नको. नाहीतर बाई ओळखतील म्हणायची."

यादी बारा वाजता बोर्डाकडे जाते. आत्ता पावणेआठ. भाचीने चपला घातल्यात. मुख्याध्यापकांच्या घरी आधी जायचं, मग शिंप्याच्या दुकानात. दुसऱ्या ठिकाणी तोंडातून पहिलं वाक्य काय काढायचं, ते मला येत नाही.