बाबांचा उजवा पाय आणि तुमचं ड्रायव्हिंग

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत ठीक आहे असं धरून चालते. नसती तर काकूंनी कळवलं असतं. इकडे घडलं ते असं:

१. पक्षाघाताने बाबांचा उजवा पाय गेला, हे तुम्हाला माहीत आहे.
२. त्यांना चालायला शिकवण्यासाठी रोबोट लावला.
३. बाबा रोबोटला शिकवायला लागले.

रोबोट म्हणजे पट्ट्यांनी पायांना बांधायचे दोन यांत्रिक पाय आणि खाली फिरता पट्टा. पेशंटचा पाय लावेल तेवढा जोर पडद्यावर दिसतो, उरलेला मशीन लावतं. बाबांच्या उजव्या पायाचा जोर शून्य. (मी स्वतः त्यात चालून पाहिलं. मशीन बरोबर आहे.) भीती वाटली तर मशीन थांबवायला हातात लाल बटण देतात. जन्मभर शिकाऊ ड्रायव्हरशेजारी बसून जादा ब्रेकवर पाय ठेवलेल्या माणसाला ते द्यायला नको होतं. "आरशात न बघता निघालास?" की बटण. "वळताना हात कोण दाखवणार, तुझा बाप?" की पुन्हा बटण. (पट्टा वळत नाही, हे मी सांगितलं. "मग सांगतोय काय!" म्हणाले.) शेवटी फिजिओताई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत पाय काही करताना दिसला नाही, तर ही जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. त्यानंतर बाबांनी दिवसभर बटण दाबलं नाही.

हॉस्पिटलमधून घरी येताना टॅक्सी केली. बाबा पुढे बसले. ड्रायव्हर मान मागे वळवून मला पत्ता विचारत होता आणि समोर ट्रक उभा होता. बाबांचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर असा आदळला, की चपलेचा अंगठा तुटला. बाबांना पत्ताच नाही. ते शिव्या देण्यात गुंतले होते. दुसऱ्या दिवशी मी आपली गाडी चालवून हाच प्रयोग केला. पाय ढिम्म. बाबा घोरत होते. (मी नियमाने चालवते.)

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी

ता. क. १: तुम्ही बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल सोडून समोरच्या स्कूलमध्ये गाडी शिकलात, त्या अबोल्यात मला पडायचं नाही. पण तुम्ही गाडी कशी चालवता, हे बाबा अजून जेवताना सांगतात.

ता. क. २: गुरुवारी सकाळी बाबांना शेजारी बसवून तुम्ही गाडी चालवावी. फिजिओताई मागे बसून पाय बघतील. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या गाडीत बसण्यापेक्षा मी चालत जाईन." ताईंनी ते फाईलमध्ये 'पेशंटचं उद्दिष्ट' म्हणून लिहून घेतलं.

ता. क. ३: मधल्या काळात तुमचं ड्रायव्हिंग सुधारलं असेल, तर तसं स्पष्ट कळवा, दुसरं कोणी बघावं लागेल. उत्तर मंगळवारपर्यंत मिळावं.