चार वाजेपर्यंत

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा पंचांगवाले पेशंट! भूदेवम्मा म्हणून सासू, अडत्याची बायको, हातभर बांगड्या. सुनेचं सिझेरियन बुधवारी सकाळी करायचं, त्यांच्या पंतुलूंनी, म्हणजे भटजींनी, काढून दिलेल्या मुहूर्तावर. डॉक्टर मॅडम काय, लगेच हो म्हणाल्या. नवऱ्यानं सही ठोकली. सून – शिरीषा – खुर्चीत बसून स्वतःच्या पायांची सूज बघत होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. लेबर रूमच्या दारावर पाटी आहे – आईला विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. तपासणीला माणूस येणार असला की आम्ही ती पुसून ठेवतो.

जाताना भूदेवम्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टरम्मा, उद्या चार वाजेपर्यंत मूळ आहे हं. त्याच्या आधी काही झालं तर माझ्या पोराच्या जिवावर येईल. तेवढं सांभाळा."

मला सांगते! मूळ नक्षत्र म्हणजे काय ते मला विचार, बाई. मी मुळावरचीच. बारशाला बापाला माझं तोंड तेलात बघायला लावलं होतं, दोष जावा म्हणून. तरी मी सहा वर्षांची असताना तो गेला – विहिरीवरची मोटर दुरुस्त करताना शॉक लागून. पण दोष तारेचा नाही, माझा! पुढं स्थळं आली आणि पत्रिका बघून परत गेली. मुळावरची सून आली की सासरा जातो म्हणे. काठी टेकत चालणारे म्हातारे, आणि तेही मला भ्यायले!

मंगळवार, ५ मार्च

हात धुऊन धुऊन कातडं निघायची वेळ आली.

शिरीषा सकाळीच कळा देत आली. पोटातलं पोर काय पंचांग बघून निघतं? अकरा वाजून गेल्यावर डोकं दिसायला लागलं. मॅडम दुसऱ्या दवाखान्यात. फोन केला. म्हणाल्या, "कळा थांबवायचं इंजेक्शन दे. चारला येते मी. घरच्यांची तशी इच्छा आहे."

"मॅडम, डोकं खाली आलंय."

"राज्यम्, पेशंट माझी आहे की तुझी?" ठेवलाच फोन.

त्या टप्प्याला इंजेक्शन काय डोंबल करणार! मग भूदेवम्मा आत आली. तिला आत यायची परवानगी नाही, पण तिला कोण अडवणार? "पाय जुळवून घट्ट धरा," म्हणाली. मी धरले.

शिरीषा म्हणत होती, "अक्का, सोडा. येतंय ते. अक्का, तुमच्या पाया पडते, सोडा ना."

मी काय म्हणावं? "बोंबलू नकोस. नवरा जिवंत पाहिजे ना?"

तो नवरा बाहेर बाकावर तांदळाच्या चकल्या, सकिनालू, खात बसलेला. आईनं घरून डबा भरून आणला होता. कुडुम-कुडुम आवाज आतपर्यंत येत होता.

बाळाचे ठोके कमी पडायला लागले. पुन्हा फोन. "अजून थोडा वेळ काढ." पुन्हा ठोके. पडलेलेच. मी सोडू शकले असते. दोन हात बाजूला घ्यायचे, एवढंच तर होतं! भूदेवम्मा काय मला मारणार होती? नाही सोडले. खरं लिहिते – मॅडमच्या भीतीनं नाही. मला सारखं वाटत होतं, या गावात आणखी एक मुळावरची नको. बापाला गिळलेली, बापाला गिळलेली म्हणत पोरं हिच्या मागं लागायला नकोत. थोडी कळ सोस, पुढचा जन्मभराचा त्रास वाचेल, असं मी मनातल्या मनात त्या डोक्याला सांगत होते.

चारनंतर मॅडम आल्या, केसात ताजा मोगरा. डोक्याला व्हॅक्यूमचा कप लावून ओढलं. मुलगी. जांभळीनिळी. रडली नाही. पाठ चोळली, नळी घातली, श्वासाची पिशवी दाबत राहिले. खूप वेळानं एक उचकी आली.

भूदेवम्मानं आधी घड्याळ बघितलं, मग नात.

बुधवार, ६ मार्च

मॅडम म्हणाल्या, फोनवरचं बोलणं कुठं लिहायचं नाही. नाही लिहिलं.

शनिवार, ९ मार्च

पोर काचपेटीत आहे. मध्येच झटके येतात, पाय ताठ होतात. दूध ओढत नाही. भूदेवम्मानं सगळ्या वॉर्डात लाडू वाटले! "किती गुणी पोर! रडणं म्हणून नाही. चांगलं नक्षत्र लागलं की असं असतं बघा." मलाही दिला. मी खाल्ला. गोड होता.

शिरीषा वाटीत दूध पिळते आणि मोरीत ओतते. माझ्याकडे बघत नाही.

गुरुवार, १४ मार्च

करीमनगरहून डॉक्टर येऊन बघून गेले. मेंदूला हवा पोचली नाही. मान धरेल की नाही, सांगता येत नाही. शिरीषाच्या वडिलांनी तक्रार केली आहे. चौकशी होणार.

बुधवार, २० मार्च

चौकशी झाली.

मॅडम – "मला उशिरा कळवलं." भूदेवम्मा – "मुहूर्त? अगबाई! आम्हा अडाण्यांना त्यातलं काय कळतंय?" नवरा पंख्याकडे बघत बसला. मग चौकशीला आलेल्या साहेबांनी शिरीषाला विचारलं. एवढ्या सगळ्यात तिला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पाय हिनं धरले. मी सोडा म्हणत होते."

त्या खोलीत खरं बोलली ती एकटी, आणि तिच्या खऱ्यानं बुडाले मी! साहेब म्हणाले, "खरं आहे?" मी हो म्हटलं. चारपर्यंत थांबवायला कुणी सांगितलं होतं? मॅडमनी. कुठं लिहिलंय? कुठंच नाही.

उद्यापासून कामावर यायचं नाही. नर्सिंगचा परवानाही जाईल बहुतेक.

शिरीषाचा असा राग आला! अगं, तुझ्याच पोरीसाठी धरले ना मी? तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. ती तेवढ्यात निघून गेली, पोरीच्या दुधाची वेळ झाली म्हणून. नळीनं पाजतात आता.

सोमवार, २५ मार्च

आईला वाटतं माझेच ग्रह फिरलेत. ओढत नेलं मला वेशीवरच्या देवळात. तिथल्या म्हाताऱ्या पंतुलूंना सगळं सांगितलं, शांत काय करायची विचारलं.

त्यांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं. "त्या दिवशी चारपर्यंत मूळ? कोण म्हणतो? अकराच्या आत संपलंय."

मी म्हटलं, "त्यांच्या पंतुलूंनी चार सांगितलं होतं."

"त्यांचं पंचांग वेगळं. त्यांचं गणित वेगळं, आमचं वेगळं. पूर्वीपासून असंच आहे. दोन्ही बरोबर म्हणायची आणि गप्प बसायचं!" हसले. पानाला चुना लावायला लागले.

म्हणजे ती पोर बरोबर वेळेला निघाली होती. अकरा उलटून गेल्यावर. आणि तिथं कोण उभं होतं? मी!

आई पुढं सरकली. "मग पंतुलूगारू, हिचंही जरा बघता का? हिच्या वेळी त्यांच्याकडच्याच पंतुलूंनी सांगितलं होतं."

त्या वर्षाचं पंचांग शोधावं लागेल. शुक्रवारी बोलावलंय.

शुक्रवार, २९ मार्च

पूर्वाषाढा. मी मुळावरची नव्हतेच कधी. आई लाडू आणायला गेली आहे.