एका मिनिटात आलेलं ‘झालं’

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ लिहिलं आणि हात थांबला. खोडणार होते, पण आईच्या औषधांच्या वहीतली ही शेवटची चारच कोरी पानं आहेत, त्यातलं एक वाया घालवायचं जिवावर आलं. आणि खोडलेलं खालून दिसतंच. तेव्हा राहू दे.

इकडे बाकी सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या भाऊजींचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की त्यांना नेमकं ऐकू येत नाही. मागच्या खोलीत तुझं टेबल अजून खिडकीशीच आहे. तू सहा महिने इथे राहून काम केलंस तेव्हाचा तुझ्या कपाचा गोल डाग त्यावर होता. इतकी वर्षं पुसताना मी तेवढी जागा सोडून पुसायची. परवा घासून काढला.

त्या टेबलाशी एकदा मी विचारलं होतं, की दिवसभर त्या पडद्याकडे बघून तू करतोस तरी काय. मॅट्रिक झालेल्या बाईला हे काय कळणार, असं तू म्हणाला नाहीस. इस्त्रीवाल्याने दिलेला नंबराचा बिल्ला समोर पडला होता, तो उचललास आणि सांगायला लागलास. एक प्रोग्रॅम दुसऱ्याकडे काम मागतो. त्या मागणीला नंबर असतो, आणि उत्तर त्याच नंबरावर यावं लागतं, नाहीतर याचा सदरा त्याच्या घरी. उत्तर येईपर्यंत मागणारा मात्र जागचा हलत नाही, उभाच राहतो. मी म्हटलं, म्हणजे मी आणि तुझे भाऊजी. तू हसता हसता चहा सांडलास.

तेव्हा दोन दिवस तुझं जेवणात लक्ष नव्हतं. कुठला तरी प्रोग्रॅम काम न करताच ‘झालं’ असं उत्तर देत होता आणि पुढचे सगळे त्यावर विसंबून पुढे निघून गेले होते. तुझं वाक्य, त्या ‘मधले’ हाकेसकट, मला शब्दाला शब्द आठवतं. “अगं मधले, ‘मिळालं’ म्हणावं, ‘जमत नाही’ म्हणावं, गप्प बसलं तरी चालतं. मुदत संपली की मागणारा दुसरी वाट शोधतो. पण खोटं ‘झालं’ आलं की तो शोधायचंच थांबतो.”

मला ते इतकं आवडलं की मी दुसऱ्याच दिवशी एक वही सुरू केली. डावीकडे कुणाला काय सांगितलं, किती वाजता. उजवीकडे उत्तर काय आलं, किती वाजता. नळ दुरुस्त करणारा, दूधवाला, तुझे भाऊजी, सगळे त्यात आले. तू गावी परत गेलास तरी आपले फोनवरचे निरोप नंबरानेच चालले. मी लिहायची ‘नंबर अठरा, स्वेटर धुतलास का’, तू लिहायचास ‘अठरा, झालं’. देवाकडे मागितलेलं तेवढं मी त्या वहीत कधी लिहिलं नाही. तिथे मुदत घालणारी मी कोण.

ताई आणि आई यांचं बोलणं बंद होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कशावरून, ते दोघींनाही धड सांगता आलं नसतं. ताई म्हणे आईने आधी विचारावं, आई म्हणे ताईने. तू म्हणाला होतास, आमच्याकडेही दोघं असे एकमेकांच्या उत्तरासाठी अडकून बसतात, मग तिसऱ्याने मध्ये पडावं लागतं. तो तिसरा तूच होतास. ताईने नवा पत्ता आणि फोन नंबर फक्त तुलाच दिला होता, आई माझ्याकडे म्हणून मला न देण्याची शपथ घालून. मला राग नाही आला. तुला तिने कडेवर वाढवलंय, तेवढा हक्क तुझा होताच.

म्हणून आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तुलाच लिहिलं. नंबर एकतीस. ‘आई ताईची आठवण काढते. स्वतःहून म्हणाली, तिला ये म्हणावं. ताईला सांग.’ सकाळी नऊ दहा. तुझं उत्तर नऊ बारा. ‘एकतीस, झालं.’

मी आईच्या कानाशी जाऊन सांगितलं. पुढे नऊ दिवस ती दाराकडे तोंड करून निजायची. कूस बदलायला लावली तरी पुन्हा दाराकडे. दहाव्या दिवशी तिने मला विचारलं, “निरोप पोचला ना?” मी म्हटलं, पोचला. म्हणाली, “मग राहू दे.” आणि भिंतीकडे वळली. अकराव्या दिवशी गेली.

धाकट्या, तिला ते मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं.

नंबर बत्तीस. ‘आई गेली. ताईला कळव.’ पाच चाळीस. तुझं ‘झालं’ पाच एकेचाळीसला. मी वेळा लिहिणारी बाई, आणि मला तेव्हा दिसलं नाही. आई गेल्याचं मुलीला सांगायचं, तिचं रडणं ऐकायचं, फोन ठेवायचा आणि मला उत्तर लिहायचं, हे सगळं एका मिनिटात कुणाला जमतं? तू घरी आलास, ताई आली नाही म्हणून चारचौघांत मी म्हटलं की तिला आई नव्हतीच, आणि तू चादरीची घडी घालत होतास. म्हणालास, ‘जाऊ दे, मधले.’ मला वाटलं, किती मोठ्या मनाचा. आईचं शिवणयंत्र ताईला द्यायचं ठरलेलं होतं. ते मी रागाने शिवणवर्गाला देऊन टाकलं, तेव्हा त्याला दोरी बांधायला तूच हात लावलास.

चौदा महिने झाले त्याला. मागच्या पंधरवड्यात एका सकाळी दार वाजलं. ताई. केस सगळे पांढरे. हातात मऊ चपलांचा जोड, आईच्या मापाचा, अंदाजाने आणलेला. पायातल्या चपला बाहेरच काढून, आवाज खाली आणून मला विचारते, “आई उठलीय का?”

यापुढचं लिहीत नाही.

त्याच दिवशी मी तुला नंबर सत्तावन्न पाठवला. ‘ताई आली आहे. तू निरोप दिला होतास का?’ तुझं उत्तर आलं, ‘मिळालं.’ त्यानंतर अकरा दिवस काही नाही. पहिल्या वेळी काय झालं असेल, हे मी कल्पनेने जुळवू शकते. कामात असशील, मी उभी राहू नये म्हणून ‘झालं’ लिहून मोकळं केलंस, संध्याकाळी करू म्हणालास. मग ताईचा राग आठवला असेल, उद्या करू. मग आईच गेली, आणि पहिला निरोप न देता दुसरा कसा देणार. इतकं मी तुझ्यासाठी समजून घेतलं, बघ. चौदा महिने तू मला ताईबद्दल वाटेल ते बोलू दिलंस, ते मात्र कुठूनही जुळत नाही. ‘जमत नाही’ एवढंच लिहिलं असतंस तर मी तुझ्याकडे येऊन, पाया पडून पत्ता घेतला असता.

ताईला मी ते दोन ‘झालं’ दाखवलेले नाहीत. निरोप तुझ्याकडे दिला होता, एवढंच सांगितलं. ती तुझीच बाजू घेते. म्हणाली, त्याचा फोन बिघडला असेल, मी दोनदा केला तेव्हाही उचलला नव्हता, बिचारा कामात बुडालेला असतो. मी वही उघडली असती तर पाच मिनिटांत सगळं संपलं असतं. पण तुझं उत्तर मी का देऊ?

म्हणून हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्या हातातून तू ते घेतलंस, तो हात ताईचा आहे. पाकीट मी चिकटवून दिलंय, आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. त्या निरोपाचं काय झालं, ही एकच गोष्ट तुला विचारायला ती एवढा प्रवास करून आली आहे, आणि तुझं वाचून होईपर्यंत दाराशी थांबेल. उत्तर येईपर्यंत मागणारा जागचा हलत नाही, तूच शिकवलंस. तिचे पाय आता सुजतात. आधी तिला बसायला खुर्ची दे, मग सांग.

तुझीच,
मधली